मर्वच्या नावावरचा पंप

शेजारच्या डॅरिल पास्कोचा आग विझवायचा पंप आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर विकायला लागलाय, हे ग्लेनिस ट्रेगेन्झाला मंगळवारी सकाळी टोस्ट खाताना कळलं. तोंडातला घास तिने गिळला खरा, पण तिच्या तोंडाची चव जी गेली ती आठवडाभर परत आली नाही.

लिलाव आदल्या दिवशी सुरू झाला होता. पूर्वी वॉरिंडी गावात कोणाला शेत आवरायचं असलं तर एक दिवस पुरायचा. लिलाववाला ओरडत एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे जायचा, त्याच्यामागून सगळं गाव, आणि कुठली वस्तू कोणाची हे सांगायला पन्नास तोंडं हजर असायची. आता सगळं मोबाइलवर. एक फोटो, खाली चार ओळी, आठवडाभर बोली. शनिवारी माल बघायला या, रविवारी संध्याकाळी खेळ खलास. बोली लावणाऱ्याला नाव नाही, नुसता नंबर. ग्लेनिसला ही तऱ्हा कधीच आवडली नव्हती, पण मर्व गेल्यापासून तिला आवडीनिवडीचाच कंटाळा आला होता. जमीन विकून झाली होती, मेंढ्या गेल्या होत्या. उरली होती अवजारं आणि शेडभर अडगळ. ती गेली की गावातल्या लहानशा घरात जाऊन राहायचं, असं ठरलं होतं.

अशा लिलावात शेजारीपाजारी आपलाही थोडा माल आणून उभा करतात. एकाच्या गर्दीत दुसऱ्याचंही विकलं जातं. याला नाही म्हणायची रीत नाही. नाही म्हटलं की बाई कद्रू ठरते. फक्त तो माल कुंपणाच्या कडेला वेगळ्या ओळीत लावायचा आणि त्याच्यावर ‘बाहेरचा’ असं लिहायचं, एवढी एकच अट. कारण घेणारा नुसती वस्तू घेत नाही, ती ज्याने वापरली त्याचा हातही विकत घेतो. मर्वचा हात सगळ्यांना माहीत होता. तो कुदळीलासुद्धा तेल लावून भिंतीला टांगायचा. डॅरिलचा नांगर मात्र शेवटची नांगरणी झाली तिथेच उभा असायचा, आणि वसंतात त्याच्यातून गवत वर यायचं.

डॅरिलने दोन-तीन वस्तू आणल्या होत्या. त्यातलाच हा पंप. पिकअपच्या मागे चढवायची पिवळी टाकी, तिच्यावर लाल इंजिन, बाजूला नळीचं रीळ. उन्हाळ्यात इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात असा पंप भरून तयार असतो, कारण गवताला आग लागली की गावचा बंब येईपर्यंत जे काय करायचं ते आपल्यालाच करावं लागतं. आणि मोबाइलवर त्या पंपाखाली लिहिलं होतं: ‘स्वयंसेवक अग्निशमन ब्रिगेडचे दिवंगत कॅप्टन मर्व ट्रेगेन्झा यांचा स्वतःचा पंप. एका हातचा. कायम शेडमध्ये. कधीही दगा न दिलेला.’

ग्लेनिसने फोटो बोटांनी मोठा केला. टाकीचा डावा कोपरा चेपलेला होता. तो चेप डॅरिलने गाडी मागे घेताना आपल्याच फाटकाच्या खांबावर आदळून पाडला होता, आणि ती तेव्हा त्याच्या बायकोबरोबर व्हरांड्यात चहा पीत होती. पंप दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले होते, म्हणून दिसायला सारखे. पण मर्वचा पंप या लिलावात नव्हताच. अंत्यविधी झाल्यावर तो मुलगी किर्स्टी आपल्या शेतावर टास्मानियाला घेऊन गेली होती.

तिला आधी वाटलं, चूक झाली असेल. माणसाकडून चुका होतात. लिलावाचा एजंट ट्रेंट घाईघाईने फोटो काढत फिरला होता, त्याने सोमवारी मर्वच्या मोठ्या ट्रेलरलासुद्धा चारऐवजी दोनच चाकं लिहिली होती. ग्लेनिसने फोन केला आणि तिचा चहा निवायच्या आत चाकं वाढली, तीही दोन-तीन बोली पडून गेल्यावर. त्याच भरवशावर तिने पुन्हा फोन लावला.

“ट्रेंट, तो पिवळा पंप मर्वचा नाही. डॅरिलचा आहे. बाहेरचा माल.”

“अच्छा,” ट्रेंट म्हणाला. “आता कसं आहे ग्लेनिस, बोली सुरू झालीये ना. एकदा बोली पडली की मजकुराला हात लावता येत नाही. सिस्टिम लॉक होते.”

“काल ट्रेलरच्या वेळी झाली नाही ती?”

“ट्रेलरचं वेगळं होतं.”

“काय वेगळं?”

“ती बारीक दुरुस्ती होती हो. ही मालकीची आहे. यात काय करावं लागतं, आधी बोली लावलेल्या प्रत्येकाला कळवा, त्याला माघार घ्यायची मुभा द्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. फार लफडं असतं. तुम्ही नका डोकं शिणवू. मी खाली एक टीप टाकतो.”

ग्लेनिस काही शाळेत नापास झालेली नव्हती. ट्रेलरची चूक सुधारली की भाव चढणार होता. पंपाची सुधारली की उतरणार होता. ट्रेंटची सिस्टिम एकाच बाजूला उघडणारं फाटक होती.

टीप आली, संध्याकाळी. वर कॅप्टन मर्व ट्रेगेन्झा होते तसेच होते. खाली लिलावाच्या अटी, करांचे नियम, माल उचलायला स्वतःची माणसं आणा, कुत्री बांधून ठेवा, आणि या सगळ्याच्या तळाशी, माणूस जिथवर कधीच वाचत जात नाही तिथे: ‘काही वस्तू बाहेरच्या विक्रेत्यांच्या असू शकतात.’ कुठल्या, ते नाही. असू शकतात. ग्लेनिसला किळस आली. खोटं बोलणारी माणसं तिने आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. पण खरं बोलल्याचा पुरावा ठेवून खोटं बोलणारा, नखं कापलेला, इस्त्री केलेला असा प्राणी तिने जवळून पहिल्यांदाच पाहिला.

बुधवारी ती डॅरिलकडे गेली. तो व्हरांड्यात पाय पसरून बसला होता.

“अगं, मलाही आत्ताच दिसलं ते,” तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला. “ट्रेंटचा गाढवपणा. पण आता काय करणार? एकदा बोली पडली की मजकुराला हात लावता येत नाही म्हणे.”

शब्दन् शब्द तोच. उंदराला मांजर साक्ष. ग्लेनिस पायरीवरच उभी राहिली.

“तू त्याला सांग ना. तुझा माल आहे. काढून घे.”

“आणि कोणाचं काय बिघडतंय त्याने? पंप तो पंप. आपले दोघांचे तर सख्खे भाऊ होते.”

“डॅरिल, तो गरम झाला की बंद पडतो.”

डॅरिलने कुत्र्याच्या कानामागे खाजवायला सुरुवात केली. “दुरुस्त केलाय मी.”

“कधी?”

“केलाय गं. तू पण ना.”

त्याने मान वर केली नाही. ग्लेनिस परत गाडीत बसली, आणि घरी जाईपर्यंत तिच्या नाकात धुराचा वास होता. दोन उन्हाळ्यांमागचा.

त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता आणि पाइनच्या झाडांच्या पट्ट्यापलीकडे गवत पेटलं होतं. मर्व आपल्या हद्दीवर उभा राहून आग थोपवत होता, आणि थोपली होती ती. तेवढ्यात रेडिओवर डॅरिलचा आवाज आला, पाइनच्या पट्ट्यात अडकलोय, पंप बंद पडला. मर्वने हद्द सोडली. धुरात गाडी घातली आणि डॅरिलला काढून आणलं. तेवढ्या वेळात आग कुंपण ओलांडून आत आली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मर्व बंदूक घेऊन भाजलेल्या मेंढ्यांमधून फिरत होता, एकेकीला सोडवत. घरी येऊन त्याने हात धुतले आणि पाण्याखाली ते कितीतरी वेळ तसेच धरून ठेवले.

ब्रिगेडच्या हॉलमध्ये सगळे जमले तेव्हा डॅरिल म्हणाला, माझं पाणी संपलं होतं. रेडिओवर त्या खरखरीत बाकी कोणाला काय ऐकू आलं असेल ते असो, मर्वला स्वच्छ ऐकू आलं होतं. तो मूग गिळून बसला. घरी ग्लेनिस चिडली तर म्हणाला, “आगीत माणूस घाबरतो. घाबरलेल्या माणसाचं उणं गावात काढायचं नसतं. मी बघितलाय पंप. इंजिनला ठिणगी देणारी कॉइल गेलीये. थंड असताना गुणी, गरम झाली की दगा देते. बदल म्हणून सांगितलंय त्याला.” एवढं सांगून त्याने विषय संपवला. गेल्या हिवाळ्यात मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये त्याचं हृदय थांबलं, तोवर तो विषय पुन्हा निघाला नाही.

आता तीच कॉइल मर्वचं नाव लावून बाजारात उभी होती. कोणीतरी ते नाव बघून घेणार, उत्तरेचा वारा सुटला की त्याच्या भरवशावर आगीसमोर जाऊन उभा राहणार, आणि पंप तापल्यावर मरणार. कोणाचा तरी नवरा, कोणाची तरी लेक. आणि त्याला काढून आणायला आता मर्व नव्हता. हा विचार ग्लेनिसला झोपू देत नव्हता. दुसरी गोष्ट अशी की जे मर्वने झाकून ठेवलं ते त्याच्या मागे आपण उघडं करायचं, हेही तिच्याच्याने होत नव्हतं. ट्रेंटला तिने आणखी दोनदा फोन केला. एकदा तो मीटिंगमध्ये होता, एकदा रेंज नव्हती. बोली मात्र चढत होती. कोणीतरी एक नंबर हट्टाला पेटल्यासारखा प्रत्येक वेळी वर जात होता.

शनिवारी लोक आले. पाऊस महिनाभर नव्हता, अंगणात गाड्यांनी धुरळा उडाला होता. ब्रिगेडच्या बायकांनी शेडसमोर टेबलं मांडली, चहाची मोठी किटली, स्कोन म्हणजे छोटे गोडसर पाव, त्यांना लावायला जॅम, साय. पलीकडे कोणीतरी पावात घालायला सॉसेज भाजत होतं. अर्ध्या लोकांना काही घ्यायचं नव्हतं. ते दुसऱ्याच्या शेडमध्ये नाक खुपसायला आणि फुकटचं खायला आले होते. मर्वच्या हातोड्या उचलून बघत होते, ठेवताना दुसरीकडेच ठेवत होते. एक बाई ग्लेनिसचं मुरंब्याचं पातेलं उपडं करून तळाला टिचक्या मारत होती. ग्लेनिस हसून सगळ्यांना चहा देत होती, आणि मनातल्या मनात एकेकाला झाडूने हाकलत होती.

पंप कुंपणाच्या ओळीत नव्हता. तो शेडच्या दाराशी, मर्वच्या वस्तूंच्या मधोमध आणून ठेवला होता, आणि चेपलेला कोपरा भिंतीकडे केला होता. म्हणजे चूक सोमवारी झाली असेल, शनिवारी ती चूक उरली नव्हती. शेजारी डॅरिल उभा. अंगात ब्रिगेडचं जाकीट. कोणी आलं की दोरी ओढायचा. इंजिन एका झटक्यात सुरू. मिनिटभर भुर्र, मग बंद.

“बघा,” तो म्हणायचा, “पहिल्या झटक्यात.” आणि मग मान हलवून, “बिचारा मर्व.”

हा मर्वचा पंप आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही. आयत्या बिळावर नागोबा नुसता वेटोळं घालून बसला होता. ट्रेंट स्वच्छ बूट घालून इकडून तिकडे फिरत होता, ग्लेनिसच्या बाजूचं अंगण तेवढं टाळून.

तेवढ्यात नोलीनने ग्लेनिसचा दंड धरला आणि तिला किटलीच्या मागे ओढलं. नोलीन म्हणजे ब्रिगेडची सेक्रेटरी, आडव्या बांध्याची, मायाळू, आणि पोटात काहीही न राहणारी.

“तुला सांगायचं नाही असं ठरलंय, पण मला राहवत नाहीये. पंपावर सगळ्यात वरची बोली कोणाची आहे, ओळख.”

“कोणाची?”

“आपली. ब्रिगेडची! अगं, मर्वचं हेल्मेट फिरवलं आम्ही.” वॉरिंडीत कोणासाठी काही गोळा करायचं असलं की कॅप्टनचं हेल्मेट फिरवतात, तशीच पद्धत आहे. “लोकांनी इतकं दिलं की काय सांगू. पंप दुसऱ्या गाडीवर चढवायचा, टाकीवर त्याचं नाव रंगवायचं. या उन्हाळ्यात पहिल्या आगीला तोच जाणार. नवीन पोरीबाळी आल्यात ना ब्रिगेडमध्ये, त्यांच्या हाती देणार आम्ही तो. मर्वला आवडलं असतं की नाही, सांग.”

ग्लेनिसने शेडच्या दाराकडे बघितलं.

“आणि हेल्मेटमध्ये पहिली नोट कोणी टाकली माहितेय? डॅरिलने. पन्नासची. म्हणाला, मर्वसाठी एवढं तरी केलंच पाहिजे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं गं.”

ग्लेनिसच्या हातात लोणी लावलेला अर्धा स्कोन होता. तिने तो बशीत ठेवला आणि बशी दूर सारली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं नुसतं ऐकलेलं असतं. इथे एक माणूस त्याच लोण्यासाठी वर्गणी काढत होता, आणि पहिलं बोट आपणच लावत होता. नोट हेल्मेटमध्ये टाकायची, हेल्मेट आपल्याच दारात रिकामं करून घ्यायचं, आणि वर बिचारा मर्व. 

तिथल्या तिथे ओरडता आलं असतं. पण ओरडून काय झालं असतं, ते तिला दिसत होतं. डॅरिल छातीवर हात ठेवणार, अरे देवा, मला वाटलं ट्रेंटने बदललं असेल. ट्रेंट म्हणणार, टायपिंगची चूक. दोघंही कानांवर हात ठेवणार, आणि नोलीन म्हणणार, जाऊ दे गं, होतं असं. या गावात चहा आणि स्कोनवर काहीही माफ होतं. डॅरिल पंप परत नेणार, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला तरी विकणार. कॉइल तशीच.

ग्लेनिसने एप्रनला हात पुसले. घराच्या कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या मोठ्या टाकीपाशी गेली, पाणी ओढायचा जाडा पाइप तिच्यात सोडला, दुसरं टोक पंपाला जोडलं आणि फिरवून घट्ट केलं. बारीक नळी ओढत नेऊन परसातल्या लिंबाच्या झाडाच्या बुंध्याशी टाकली. चाळीस वर्षं शेतात काढलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही.

“डॅरिल, लिंबाचं झाड सुकलंय माझं. जरा चालू कर.”

“आत्ता?”

“उभाच आहेस ना.”

लोक बघत होते. डॅरिलने दोरी ओढली. पहिल्या झटक्यात. नळी फुगली, लिंबाखाली पाणी फेसाळलं. कोणीतरी “वा” म्हणालं. डॅरिल मिनिटभर थांबला आणि बंद करायला वाकला.

“राहू दे,” ग्लेनिस म्हणाली.

“पेट्रोल जाईल उगाच.”

“मर्वच्या शेडमधलं पेट्रोल आहे. जाऊ दे.”

तिने स्वतःला चहा ओतून घेतला आणि शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. एक-एक करून बाकीचेही कप घेऊन जवळ आले. चालू पंपाभोवती ब्रिगेडची माणसं जमतातच. बोलणी मोठ्या आवाजात सुरू झाली. कोणी मर्वची एक आठवण सांगितली, कोणी दुसरी. सॉसेजवाला ओरडला, “ग्लेनिस, पुरे आता, लिंबं पोहायला लागतील.” सगळे हसले. नोलीन डोळे टिपत म्हणाली, “मर्वच बोलतोय असं वाटतंय की नाही?”

ट्रेंट फोन हातात धरून आला. “ग्लेनिस, आवाजामुळे मला बोलता येत नाहीये. बंद करायचा का?”

“कधीही दगा न दिलेला. तुम्हीच लिहिलंय ना? मग ऐकू दे की लोकांना.”

ट्रेंटने डॅरिलकडे बघितलं. डॅरिल इंजिनकडे बघत होता. त्याच्या ओठावर घाम होता, आणि ऊन काही तसं नव्हतं. त्याने एकदा सहज चालल्यासारखं करून हात बटणाकडे नेला.

“हात काढ, डॅरिल.”

“अगं, गरम होतोय तो.”

“गरम झाला तर काय होतं?”

एवढं तिने आवाज न चढवता विचारलं. जवळच्या दोघा-चौघांनी ऐकलं आणि त्यांचं बोलणं थांबलं. ग्लेनिसने दुसरा कप ओतून घेतला. तो तिने बराच प्यायला, आणि मग इंजिन खोकलं. एकदा सावरलं, पुन्हा खोकलं, आणि बंद पडलं. लिंबाखालची नळी हळूहळू चपटी झाली.

आगीत उभी राहिलेली माणसं होती ती. पंप बंद पडल्यावरची शांतता प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली होती, आणि त्या शांततेत कोणी विनोद करत नाही. डॅरिलने दोरी ओढली. पुन्हा ओढली. दात आवळून ओढत राहिला. इंजिनने दाद दिली नाही.

“मर्वचा पंप कधी बंद पडल्याचं मला आठवत नाही,” नोलीन हळूच म्हणाली.

“पडलाच नाही कधी,” ग्लेनिस म्हणाली. “मर्वचा पंप टास्मानियात आहे, किर्स्टीकडे. हा डॅरिलचा. ट्रेंटला मी मंगळवारी सांगितलं. डॅरिलला बुधवारी सांगितलं.”

ती उठली, पंपाला खांदा लावला आणि पिवळी टाकी भिंतीपासून फिरवली. चेपलेला कोपरा सगळ्यांसमोर आला. नोलीनने त्याच्यावरून हात फिरवला. डॅरिलच्या फाटकाचा खांब अजून वाकडाच होता, रोज जाता-येता सगळे तो बघत होते. मग तिने डॅरिलकडे बघितलं, आणि ती मायाळू बाई एकदम कोणीतरी वेगळीच दिसायला लागली.

“त्या दिवशी पाइनच्या पट्ट्यात तुझं पाणी संपलं होतं ना, डॅरिल?”

डॅरिलने दोरीचं टोक हातातून सोडलं. लोकांनी ग्लेनिसकडे बघितलं. मर्वने याचं उत्तर दिलं नव्हतं, तिनेही दिलं नाही. द्यायची गरजही उरली नव्हती. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि जळून गेलेल्या शेताच्या दिशेला बघत राहिला. त्या मेंढ्या मारायला तो मर्वबरोबर गेला होता.

ट्रेंटचा अंगठा मात्र कामाला लागला होता. फोनवर दोन-चार वेळा टकटक केलं आणि मान वर केली. “झालं. काढलाय तो पंप लिलावातून. सगळ्या बोली रद्द. प्रश्न मिटला.”

एका स्कोनला जॅम लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. आठवडाभर लॉक असलेली सिस्टिम.

“कळवलंत सगळ्यांना?” ग्लेनिसने विचारलं.

“आपोआप जातो संदेश.”

“फार लफडं असतं म्हणाला होतात.”

“नाही, म्हणजे, आता परिस्थिती अपवादात्मक आहे,” ट्रेंट म्हणाला, आणि त्याला लाजही वाटली नाही. त्याने घड्याळ बघितलं, एक स्कोन उचलला, आणि खात खात ट्रेलरकडे निघून गेला. उद्या ट्रेलरला चांगला भाव येणार होता आणि त्यातला त्याचा वाटा ग्लेनिसलाच द्यायचा होता.

नोलीन गाडीतून मर्वचं हेल्मेट घेऊन आली. नोटांनी काठोकाठ भरलं होतं. तिने ते टेबलावर चहाच्या कपांमध्ये ठेवलं.

“ज्याने त्याने आपापले परत घ्या,” ती म्हणाली. “मला फार लाज वाटतेय. मी नीट बघायला हवं होतं.”

पहिला पुढे आला तो म्हातारा. त्याने हेल्मेटकडे बघितलंही नाही. “राहू दे. नवा पंप घेऊ. नवा कोरा. आणि त्याच्यावर नाव टाकू मर्वचं.” सॉसेजवाला म्हणाला, “माझेही राहू देत,” आणि खिशातली सुट्टी नाणी वर टाकली. मग एकेक जण टेबलापाशी आला, कोणी ग्लेनिसच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी नुसतीच मान हलवली, आणि पुढे गेला. हेल्मेटला कोणी हात लावला नाही. ग्लेनिसला आठवड्यात पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

शेवटी डॅरिल आला. लोकांनी वाट दिली. तो माफी मागेल असं नोलीनला वाटलं, तिच्या चेहऱ्यावर तसं दिसत होतं. सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण कप खाली ठेवले गेले. डॅरिलने हेल्मेटमध्ये हात घातला. वरची नाणी बाजूला केली, आत चाचपलं, एक पन्नासची नोट बाहेर काढली, तिची घडी घातली आणि जाकिटाच्या ज्या खिशावर ब्रिगेडचं नाव शिवलेलं होतं त्या खिशात ठेवली.

तो गाडीपर्यंत चालत गेला.

ग्लेनिसने हेल्मेट उचललं आणि उरलेल्या नोटा नोलीनच्या एप्रनमध्ये ओतल्या. मग टेबलावरचं ओलं फडकं घेतलं आणि जिथे मर्वचं डोकं असायचं तिथे, आतून, हेल्मेट पुसून काढलं.